निगेटिव्ह आल्यानंतर

कारखान्यातली बाई पाळी लांबल्याचं सरळ सांगत नाही. ती डोकेदुखीची गोळी मागते. गोळी दिली, पाण्याचा पेला पुढे केला, तरी जागची हलत नाही. रजिस्टरवर सही करते, दाराकडे बघते, पुन्हा बसते. मग मी दार लोटून घेते आणि विचारते, "किती दिवस झाले?" हा प्रश्न डोक्याबद्दलचा नाही हे तिला लगेच कळतं. बोटांवर मोजून ती दिवस सांगते. मग बहुतेकींचा एकच प्रश्न असतो आणि तो खालच्या आवाजात येतो, "तसं काही नसेल ना, सिस्टर?"

पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गारमेंट कारखान्यात मी नर्स आहे. माहेर निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत जायची. मी बेळगावात नर्सिंग केलं आणि लग्न होऊन बेंगळूरला आले. पाचशेच्या वर कामगार असले की कायद्याप्रमाणे तिथे उपचाराची खोली ठेवावी लागते. आमच्या त्या खोलीत एक पलंग, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, औषधांचं कपाट आणि भिंतीवर एक मोठं कॅलेंडर आहे. बोटात सुई घुसलेल्या, चक्कर आलेल्या, पोट धरून बसलेल्या सगळ्या तिथेच येतात.

पीण्या म्हटलं की बाहेरच्या माणसाला लेथ, फाउंड्री आणि प्लेटिंगच्या शेड आठवतात. १९७० च्या दशकात वसलेली ही वसाहत आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. तुमकूर रस्त्यावरून मेट्रो जाते, तिच्या एका स्टेशनाचं नावच 'पीण्या इंडस्ट्री' आहे. पण सकाळी कामाच्या वेळेला गारमेंटच्या फाटकासमोर उभं राहिलं तर बायाच बाया दिसतात. लग्गेरे, हेग्गनहळ्ळी, राजगोपालनगर, चोक्कसंद्र इथल्या एकेका खोलीच्या घरांतून, हातात डब्याची पिशवी घेऊन, भरभर चालत आलेल्या. पूर्वी त्यात तुमकूर-हासनच्या आणि आमच्या उत्तर कर्नाटकातल्या जास्त होत्या. आता ओडिशा, झारखंड, आसामच्या पोरी हॉस्टेलमधून येतात. चिक्कोडी-हुक्केरीकडच्या बायांशी मी मराठीत बोलते, इतरांशी कन्नडात, आणि ओडिशाच्या पोरींशी दोघींनाही जमेल तशा हिंदीत.

भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर केंद्राने निर्बंध आणले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरातल्या गारमेंटच्या हजारो बाया रस्त्यावर उतरल्या आणि दोन दिवसांत सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. तशा या बाया आहेत. त्याच बाया पाळी चुकल्याचं सांगायला डोकेदुखीचा आडोसा घेतात, याचं मला वाईट वाटतं. त्यामागची भीती मात्र मी समजू शकते. पाळी लांबली की लाइनवर, हॉस्टेलात, घरात सगळ्यांच्या मनात एकच शंका येते. त्या शंकेचं उत्तर मिळेपर्यंत बाई घाबरलेली असते आणि मिळालं की विषय संपतो. माझं म्हणणं असं आहे की, ती शंका पहिली असावी, शेवटची नसावी.

पहिली मात्र असावीच. गर्भधारणेच्या चाचणीच्या बाबतीत मी कुणाचं वय, मंगळसूत्र किंवा झालेलं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन बघत नाही. लघवीची पट्टी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, सरकारी आरोग्य केंद्रातून 'निश्चय' नावाने मोफत मिळते. तारीख उलटून आठवडा झाला असेल तर सकाळच्या पहिल्या लघवीत उत्तर बहुधा बरोबर येतं. त्याआधी घाईने केली आणि निगेटिव्ह आली तर आठवड्याने पुन्हा करायची.

फिनिशिंगला धागे कापणारी एक अक्का होती, चाळिशी ओलांडलेली, घरात थोरलीच्या लग्नाची बोलणी चाललेली. दोन महिने पाळी नाही म्हणून आता जायचीच वेळ आली असं धरून ती निश्चिंत होती. मळमळायचं ते पित्ताने. पट्टीवर दोन रेषा उमटल्या तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच काही चुकीचं केलंय. या वयात पाळी पुढेमागे होते, एखादा महिना चुकते, पण पुढच्या महिन्यात स्त्रीबीज तयार होऊ शकतं. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं म्हणायचं.

ऑपरेशन झालेल्या बाईची गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती मी नव्या सुपरवायझरांना मुद्दाम सांगते. अथणीकडची एक टेलर, कॉलर लावायच्या मशीनवर बसायची. दोन बाळंतपणं, पंचविशीच्या आत ऑपरेशन, तिकडच्या खेड्यांत होतं तसंच. पाळी दोन आठवडे पुढे गेलेली, मधेच थोडा डाग पडलेला. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी ती मशीनवर वाकली ती उठेना. सुपरवायझरचं म्हणणं, टार्गेट वाढवलं की हिचं पोट दुखतं. दोघींनी धरून माझ्याकडे आणली. "पोटात एका बाजूला लई दुखायलंय अक्का, खांद्यातबी कळ मारायलीय," ती म्हणाली. ओठ पांढरे, नाडी जोरात, रक्तदाब खाली आलेला. दिवस गेलेत का विचारल्यावर तिला आश्चर्यच वाटलं. "माझं ऑपरेशन झालंय की." ऑपरेशननंतर दिवस जाणं फार क्वचित होतं, पण गेले तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीतच रुजण्याचा धोका मोठा असतो. नळी फुटली की रक्त पोटात साचतं, बाहेर दिसत नाही, आणि पोटातलं रक्त वरच्या पडद्याला टोचलं की कळ खांद्यात जाते. पट्टीवर दुसरी रेषा फिकट आली होती. गाडीत तिच्याबरोबर मी गेले. त्या संध्याकाळी तिची नळी काढावी लागली, रक्त द्यावं लागलं, ती वाचली. पाळी पुढे गेलेली आणि एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, एवढ्या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की मी आजही लाइन, टार्गेट, गेटपास यांतलं काही ऐकून घेत नाही.

हॉस्टेलातल्या अविवाहित पोरींची भीती वेगळी असते. त्या माझ्याकडे यायच्या आधी मेडिकलमध्ये जातात. तिथे चाचणी न करता, किती आठवडे झालेत ते न विचारता, पाळी आणायच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं. गर्भ पाडायच्याच त्या गोळ्या. गर्भ नळीत असेल तर त्यांनी काही होत नाही आणि धोक्याचे दिवस मात्र हातचे जातात. गर्भाशयातलाच असेल आणि अर्धवट पडला तर आठवडेच्या आठवडे रक्त जातं. अशी एक झारखंडची मुलगी पिवळी पडून माझ्यासमोर आली, तेव्हा तिच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'वॉर्डन' होता. अशा पोरींना मी कायदा सांगते. १९७१ च्या कायद्याने आपल्याकडे डॉक्टरच्या हातून गर्भपात करून घेता येतो, २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित बाईलाही लागू झालं, तिचं नाव उघड करणं डॉक्टरला गुन्हा आहे, आणि सज्ञान बाईला आणखी कुणाची सही लागत नाही. हे सगळं एका दमात सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास असतो.

पण येणाऱ्या बहुतेकींची पट्टी एका रेषेवरच थांबते. बाई हात जोडते, देवाचं नाव घेते, ओढणी सारखी करून मशीनकडे धावते. तिथेच मी तिला थांबवते. पाळी आलेली नाहीच. का आली नाही, हे आता विचारायचं.

यात एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सोपं होतं. दर महिन्याला मेंदूच्या तळातून पिट्युटरी ग्रंथीला ठरावीक अंतराने इशारे जातात, तिच्याकडून बीजकोशाला, आणि मग बीज बाहेर पडतं. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ जवळपास ठरलेला असतो, साधारण बारा ते चौदा दिवस. पुढेमागे होतो तो त्याआधीचा काळ. म्हणजे पाळी उशिरा आली याचा अर्थ बहुतेक वेळा बीजच उशिरा आलं. लाइनवरच्या बायांना मी हे त्यांच्याच भाषेत सांगते: फिनिशिंगला माल उशिरा आला तर दोष फिनिशिंगचा नसतो, मागे कुठेतरी बंडल अडकलेलं असतं. कालच्या भांडणाने आजची पाळी लांबत नाही. दोन-तीन आठवडे मागे काय झालं ते बघायचं.

भिंतीवरचं कॅलेंडर मी त्यासाठीच लावलंय. त्यावर शिपमेंटच्या तारखा, ओव्हरटाइमचे दिवस, सण आणि सुट्ट्या लिहिलेल्या असतात. बाई आपली तारीख सांगते आणि आम्ही दोघी मिळून मागे जातो. "हा आठवडा रोज रात्री साडेआठपर्यंत होता, बघ. जेवायची कधी?" "घरी जाऊन करायची, तेव्हा." "झोपायची?" "बारा." "उठायची?" "साडेचारला पाणी सुटतं." मार्च २०२४ मध्ये बेंगळुरात पाण्याची टंचाई पडली, बोअर आटले, लोक टँकरसाठी रात्री जागले. त्या उन्हाळ्यात तारखा पुढे गेलेल्या बाया माझ्याकडे जास्त आल्या. लॉकडाऊनमध्येही तेच झालं. २०२० च्या मार्च अखेरीस फाटकं बंद झाली, पगार थांबले, काहींनी एकवेळच्या भातावर दिवस काढले, आणि कारखाना उघडल्यावर परत आलेल्यांपैकी कितीतरी जणींना त्या मधल्या काळात पाळी आलीच नव्हती. कुणाच्या पाळीला नेमकं कोणतं कारण हे मी सिद्ध करू शकत नाही. पण खाणं घटलं, झोप तुटली, काळजी वाढली की मेंदूतून जाणारे इशारे मंदावतात, हे वैद्यकशास्त्राला पक्कं माहीत आहे. उपाशी आणि घाबरलेल्या काळात गर्भ धरायचा नाही, असा शरीराचा हिशेब असतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे नव्या पोरी. शिवणाचं प्रशिक्षण संपवून ओडिशातून थेट इथे आलेली एक मुलगी, अठरा-एकोणीस वर्षांची. भरतीच्या वेळचं वजन माझ्या रजिस्टरमध्ये होतं, त्यामुळे काट्यावर उभी केल्यावर लगेच कळलं की ती पाच किलोंनी उतरलीय. आधीच बारीक. हॉस्टेलचं सांबार तिला जात नव्हतं, सकाळचा नाश्ता बससाठी सुटायचा, दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीत ती आईला फोन करायची. पगारातले जेमतेम हजारभर ठेवून बाकीचे घरी पाठवायची. तीन महिने पाळी नाही. तिला वाटायचं, बेंगळूरचं पाणी लागलं. आमच्या आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त तपासून घेतलं, दुसरं काही निघालं नाही. औषध काय, तर सकाळी खाणं. हॉस्टेलच्या मेसमध्ये ओडिशाकडचा पखाळ भात आणि डाळमा अधूनमधून करायला लावण्यासाठी मला वेल्फेअर ऑफिसरशी बरंच बोलावं लागलं. ते झालं. वजन परत आलं आणि त्यामागून, थोड्या अवकाशाने, पाळी आली. ती सांगायला धावत आली तेव्हा तिने डोकेदुखीची गोळी मागितली नाही.

सगळ्यांचं कारण इतकं सरळ नसतं, आणि "टेन्शनमुळे होतं, होईल आपोआप" असं म्हणून बाईला परत पाठवणं मला पसंत नाही. टेन्शन हे उत्तर बाकीचं तपासून झाल्यावर द्यायचं असतं.

म्हणून मी पिशवी उघडायला लावते. त्यात गोळ्या कोणत्या आहेत? या प्रश्नाने जितकं सापडतं तितकं दुसऱ्या कशाने सापडत नाही. नाश्ता न करता मशीनवर बसणाऱ्या बायांना पित्त होतंच, आणि पित्तावर मेडिकलवाला कॅप्सूल देतो. त्यातल्या काही कॅप्सूलमध्ये पित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन असतं. पोट हलकं वाटतं म्हणून बाया ती महिनोन् महिने घेतात. या औषधांनी दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी थांबते. चेकिंगमधली एक बाई, धाकटा मुलगा शाळेत जाणारा, ब्लाउजवर ओल दिसते म्हणून रडत आली होती. तिला वाटलं गाठ झाली. दोन महिने पाळी नव्हती आणि पिशवीत कॅप्सूलची अर्धी पट्टी होती. डॉक्टरांनी ती थांबवली, प्रोलॅक्टिन तपासलं, काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर उतरलेलं होतं. पाळी आली. सगळ्यांचीच गोष्ट इतक्यावर भागत नाही. गोळी थांबवूनही प्रोलॅक्टिन चढंच राहिलं तर पिट्युटरीची तपासणी करावी लागते. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही हेच होतं, पण ती औषधं स्वतःहून कधीच बंद करायची नाहीत, डॉक्टरला सांगायचं.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हा पिशवीतला दुसरा ऐवज. वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारी इथे घरोघरी कलश बसतो, आमच्याकडच्या बायांना गणपतीला गावी जायचं असतं, कुणाला सौंदत्तीला यल्लम्माला. नॉरएथिस्टेरोन घेतात, थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. नाही आली तर पट्टी करून बघायची. गोळ्या घ्यायच्या आधीच दिवस गेलेले असू शकतात. सणासाठी वर्षातून एकदा डॉक्टरला विचारून घेतली तर मी काही बोलत नाही. माझा जीव कळवळतो तो शिपमेंटच्या आठवड्यासाठी ती घेणाऱ्या बाईपाशी. पॅड बदलायला उठलं की बंडल साचतं, साचलं की ओरडा बसतो, म्हणून ती पाळीच पुढे ढकलते. हे पाहिलं की मला बीड आठवतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा झाला की मुकादम दंड लावतो, आणि पाळीच्या दिवसांत खाडा होतो. त्याच वर्षी तमिळनाडूच्या गारमेंट कारखान्यांत दुखणाऱ्या बायांना नावगाव नसलेल्या गोळ्या दिल्या जातात, हे थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने उघड केलं. आमच्या खोलीत एकही गोळी पाकिटाबाहेर काढून देत नाही मी. नाव वाचून दाखवते, रिकामी पट्टी तिच्या हातात देते.

कुटुंबनियोजनाची साधनं बऱ्याच जणी सांगायला विसरतात, कारण त्यांना ती औषधं वाटतच नाहीत. सरकारी दवाखान्यातलं तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन घेतलं की पाळी अनियमित होते, कित्येकींची थांबते, आणि इंजेक्शन सोडल्यावरही परत यायला काही महिने लागतात. 'छाया' गोळीने, जी बाजारात 'सहेली' म्हणून मिळते, दोन पाळ्यांमधलं अंतर वाढू शकतं. संबंधांनंतर लगेच घ्यायच्या आणीबाणीच्या गोळीनेही त्या महिन्याची तारीख आठवडाभर इकडेतिकडे होते. यांतलं काहीच घाबरण्यासारखं नाही, पण इंजेक्शन देतानाच बाईला हे बसवून सांगायला हवं. तीस सेकंदांचं काम आहे. न सांगितल्याने ती महिनाभर धास्तीत राहते, आणि पुढचं इंजेक्शन घेतच नाही.

थायरॉइड ओळखणं तसं सोपं. थंडी सोसत नाही, केस गळतात, अंग जड, शौचाला कडक, कामात हात चालत नाही, आणि पाळी एकदा लांबते तर एकदा धो धो जाते. टीएसएच तपासलं की कळतं. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा-एक तास काही खायचं नाही, एवढंच आमच्या बायांना कठीण जातं, कारण पहाटेचा चहा हा त्यांचा एकमेव निवांत क्षण असतो. पाणी भरायला उठाल तेव्हा गोळी, भांडी भरून झाली की चहा, असं मी बसवून देते.

पीसीओएसच्या, म्हणजे बीजकोशाच्या विकाराच्या मुली ओळखायला मला वेळ लागत नाही, त्या बोलायलाच वेळ लावतात. हनुवटीवर केस, गालावर पुरळ, कपड्यांचं माप वाढत चाललेलं, पाळी दोन-दोन महिन्यांनी. लाजेने थ्रेडिंगवर पैसे घालवतात आणि डॉक्टरकडे जात नाहीत. सोनोग्राफीत 'गाठी' लिहून आलं की त्यांना कॅन्सर वाटतो. त्या गाठी म्हणजे अर्ध्यावर वाढ थांबलेली बीजं असतात, कापून काढायचं त्यात काही नसतं. मात्र "लग्न झालं की होईल सुरळीत" हे ऐकून गप्प बसायचं नाही. महिनोन् महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, आणि पुढच्या वयात त्याचाच त्रास होतो. मधुमेहाचाही धोका असतो. चालणं, वजन थोडं उतरवणं, लागेल तिथे गोळ्या, हे सगळं करता येतं आणि मुलंही होतात.

क्षयरोगाचं नाव काढलं की खोलीत शांतता पसरते, पण आपल्या देशात ते काढावंच लागतं. बारीक ताप, वजन घटलेलं, पाळी कमी होत होत बंद झालेली. क्षय फुप्फुसात नसून गर्भाशयात असू शकतो. उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. आणि चाळिशीच्या आतच पाळी कायमची थांबायला लागली, गरम वाफा येऊ लागल्या, तर ते नशीब म्हणून सोडून द्यायचं नाही. हाडं आणि हृदय यांच्यासाठीसुद्धा तिला उपचार लागतात.

गरम मशीनजवळ बसल्याने, पॅड उशिरा बदलल्याने किंवा थंड पाणी प्यायल्याने पाळी लांबत नाही. पपई-तीळ-गूळ खाऊन कुणाला बरं वाटत असेल तर खावं, कारण शोधणं त्यामुळे पुढे ढकलू नये इतकंच.

आता रजेबद्दल. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने महिन्याला एक, वर्षाला बारा अशी भरपगारी पाळीची रजा मंजूर केली आणि गारमेंट कारखान्यांनाही त्यात धरलं. मला मनापासून आनंद झाला. ज्यांच्या घामावर हे सगळं उभं आहे त्यांच्यापर्यंत ती पोचायला हवी. पण त्याच आठवड्यात माझ्याकडे एक बाई आली. पाळी लांबलेली, पट्टी निगेटिव्ह. ती म्हणाली, "सगळ्या जणी महिन्याला रजा घेणार. मी नाही घेतली तर लाइनला कळणार ना, की मला आली नाही?" हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिला सांगितलं की रजा पाळीच्या तारखेला बांधून मागायची गरज नाही. आणि एचआरला सांगितलं की या रजेचा अर्ज सुपरवायझरच्या टेबलावरून जाता कामा नये, तो सरळ तुमच्याकडे यावा आणि कुणीही कारण विचारू नये. सध्या आमच्याकडे तसं होतं. सगळीकडे व्हायला हवं.

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड जवळजवळ प्रत्येकीकडे आहे. त्यासाठी पगारातला पाऊण टक्का दरमहा कापला जातो. आजारपणात कार्डावर सत्तर टक्के पगार मिळतो, तपासण्या आणि औषधं मिळतात. तरी बाया जात नाहीत, कारण अर्धा दिवस गेला की हजेरीचा बोनस जातो. ही गाठ मालकांनीच सोडवायची आहे. तपासणीच्या चिठ्ठीवर गेलेला दिवस गैरहजेरीत धरू नका, एवढी माझी पीण्यातल्या प्रत्येक व्यवस्थापनाला विनंती आहे.

आणि वाचणाऱ्या बायांना विनंती वेगळी. आपली तारीख लिहून ठेवा, मोबाइलमध्ये किंवा भिंतीवर. मोठ्या बाईच्या दोन पाळ्यांत २१ ते ३५ दिवसांचं अंतर असतं, आणि एखाद्या महिन्यात चार-पाच दिवस इकडेतिकडे झाले तर ते चालतं. तारीख आठवडाभर उलटली तर चाचणी करा, लग्न झालेलं असो, नसो, ऑपरेशन झालेलं असो. पोटात एका बाजूला दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. चाचणी निगेटिव्ह आली आणि तीन महिने पाळी आली नाही, किंवा वर्षभर तारखांचा मेळच लागत नाही, तर डॉक्टरकडे जा. जाताना लिहिलेल्या तारखा न्या आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, पित्ताच्या गोळ्यांचीसुद्धा.